चल रे भोपळ्या, आष्टा ते मिरज!

प्लॅन होता पाचगणीचा. पोचले मात्र मिरजेच्या सतारमेकर गल्लीत. गाडीच्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला एक तडकलेला तानपुरा घेऊन...

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅब मुंगीच्या पावलांनी सरकत होती. ग्रुपवर वीकेंडची चर्चा जोरात. गाडी कोण काढणार, स्पीकर कोण आणणार, वगैरे वगैरे. तेवढ्यात आत्याचा फोन आला. आमची आत्या 'हॅलो' म्हणत नाही. थेट मुद्द्यावर येते.

"घराचं ठरलं बघ. पुढच्या महिन्यात खरेदीपत्र. माळा रिकामा करायला घेतलाय. तुझ्या आजोबांचा तंबोरा घावलाय. भोपळा तडकलाय त्याचा. भंगारवाला म्हणतोय, ह्यात लोखंड कुठं हाय? तू येतीस काय बघायला, का देऊ परड्यात टाकून?"

मी म्हटलं, "टाकू नकोस. उद्या येते."

का म्हटलं, कोण जाणे. मी गाणं सोडून बारा वर्षं झाली. दहावीपर्यंत क्लासला जात होते, प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षाही दिल्या. मग बारावी, इंजिनिअरिंग, प्लेसमेंट, आणि मग... तुम्हाला माहीतच आहे. आता माझ्या फोनमध्ये तानपुऱ्याचं एक अ‍ॅप आहे. ते मी झोप येत नसली की लावते. बस, एवढंच काय ते गाणं!

'बीडची आष्टी का?'

आष्टा म्हटलं की ऑफिसमध्ये दोनच प्रतिक्रिया येतात. 'बीडची आष्टी का?' आणि 'मध्य प्रदेशातलं का?' नाही हो. आमचं आष्टा सांगली जिल्ह्यातलं, वाळवा तालुक्यातलं. पुण्याहून बंगळूर हायवेने साताऱ्यावरून, कराडवरून खाली यायचं, पेठ नाक्याला डावीकडे वळायचं आणि सांगली रोडला लागायचं. पुढे दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला वारणा, मधली ही काळी जमीन. सीझनला गेलात तर तुमच्या गाडीपुढे उसाने लादलेला ट्रॅक्टर असणारच. दोन ट्रॉल्या जोडलेला आणि वर फुल्ल आवाजात गाणी! त्याला ओव्हरटेक करणं हा या रस्त्यावरचा एकमेव अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट.

टुरिस्ट येतात असं हे गाव नाही. 'पॉइंट' नाहीत, सनसेट बघायला गर्दी नाही. पण गावाला स्वतःचं असं काही आहे. चौंडेश्वरी देवीची भावई आहे. त्यात मुखवटे चढवून खेळ होतात, ते बघायला मुंबई-पुण्याला गेलेली माणसं रजा टाकून येतात. लहानपणी त्या मुखवट्यांना घाबरून मी आजोबांच्या धोतराच्या मागे लपायचे. मुखवट्यामागे आपल्याच आळीतला कुणीतरी आहे हे माहीत असूनही!

आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. दर एकादशीला आमच्या सोप्यात भजन असायचं. टाळ, पखवाज, एक पेटी आणि हा तानपुरा. तो त्यांनी मिरजेहून आणला. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, टपावर टाका." मास्तरांनी नकार दिला आणि मिरज ते आष्टा तो मांडीवर आडवा घेऊन बसले, अशी आमच्या घरातली कथा आहे. शेजारच्या प्रवाशाचं काय झालं, हे कथेत येत नाही.

शनिवारी दुपारी पोचले, तर तानपुरा सोप्यात भिंतीला टेकवून ठेवलेला. चारपैकी दोन तारा गायब. एक खुंटी तुटलेली. आणि भोपळ्याला वरून खाली गेलेली वीतभर लांब चीर. आत्याने धूळ पुसली होती. त्यामुळे तो आणखीच बिचारा दिसत होता.

"मिरजेला न्हेऊन बघ," आत्या चहा ओतत म्हणाली. "तिथलंच हाय ते. तिथंच कळंल काय करायचं ते."

तलवारीकडून तारेकडे

आष्टा ते मिरज जेमतेम तासाभराचा रस्ता. वाटेत सांगली लागते. कृष्णेवर १९२९ चा आयर्विन पूल आहे. नदीला पूर आला की अख्खा जिल्हा त्याच्याजवळची पाण्याची पातळी विचारत बसतो. २०१९ च्या पुराच्या वेळी तर तो आकडा पुण्यात बसून आम्हीही दर तासाला बघत होतो. सांगली म्हणजे नाटकवाल्यांचं गाव. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते इथेच. आणि तिथून दहाएक किलोमीटरवरचं मिरज हे गाणाऱ्यांचं गाव. पण खरं म्हणजे मिरज हे गाण्यासाठी लागणाऱ्या वस्तू करणाऱ्यांचं गाव आहे.

त्याची गोष्ट भारी आहे. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. शस्त्रं घडवणारे, तलवारींना धार लावणारे शिकलगार इथे राहायचे. पेशवाई संपली, इंग्रजांचा अंमल आला, लढाया थांबल्या. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर अख्खी इंडस्ट्रीच बंद पडली! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करायला घेतली, मग घडवायला घेतली. लोखंडावर फिरणारा हात लाकडावर आणि भोपळ्यावर फिरू लागला. संस्थानात गवयांना आश्रय होता, त्यामुळे काम मिळत गेलं. हळूहळू घराण्याचं आडनावच 'सतारमेकर' झालं. करिअर शिफ्टचं याहून मोठं उदाहरण निदान मला तरी माहीत नाही.

पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. त्यांना वाद्यांच्या दुरुस्तीतलंही कळायचं. १९३७ मध्ये ते गेले. मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी संगीत सभा होते. भीमसेन जोशीही इथे येऊन गायलेत. विष्णु दिगंबर पलुसकर गाणं शिकले ते याच मिरजेत, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. म्हणजे माझ्या त्या प्रवेशिकेच्या परीक्षेचं मूळसुद्धा फिरून मिरजेलाच येतं!

'हे आमचं नाही'

सतारमेकर गल्ली फार मोठी नाही. पण वास मोठा आहे. ताज्या तासलेल्या लाकडाचा, लाखेचा, स्पिरिटचा. दुकानांमध्ये छताला भोपळे टांगलेले. लहान, मोठे, काही एवढे अवाढव्य की आत एखादं मूल सहज बसेल. खाली भुश्यात बसून माणसं काम करतायत. कुणी दांडी तासतोय, कुणी पॉलिश मारतोय, कुणी फक्त एक तार छेडून कान देऊन ऐकतोय.

पहिल्याच दुकानात शिरले. सत्तरीचे एक चाचा होते. गोधडी उलगडली. त्यांनी काही न विचारता बोटाच्या पेराने भोपळ्यावर टकटक केली, आपण पिकलेलं कलिंगड बघताना करतो तशी. मग दांडी आणि भोपळा जिथे जुळतो तिथली कोरलेली पानं जवळून पाहिली. चष्मा वर केला आणि म्हणाले,

"हे आमचं नाही, ताई."

"पण मिरजेचंच आहे..."

"मिरजेचंच आहे. पण आमच्या घरचं नाही. हे पान बघा. आमच्या पानाला टोक असं वळत नाही. हे समोरच्यांचं. ज्यांनी जोडलं, त्यांनीच उघडावं. जावा समोर, मी सांगितलं म्हणावं."

मी बघतच राहिले. आयतं आलेलं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात पाठवणारा माणूस! आमच्या कंपनीत कुणी असं केलं असतं, तर त्याच्या अप्रेझलचं काय झालं असतं, तुम्हीच विचार करा.

समोरच्या दुकानात चौकडीचा शर्ट घातलेला एक मुलगा बसला होता. माझ्याच वयाचा असेल. कानात इअरफोन, हातात कानस. त्यानेही आधी तीच टकटक केली. मग हसला.

"आजोबांच्या हातचं काम असणार. नाहीतर मोठ्या चुलत्यांचं. किती वर्षं बंद होतं?"

"पंधरा-वीस."

"मग तडकणारच. वाद्य बंद ठेवलं की रुसतं."

कडू भोपळ्याची गोड गोष्ट

पुढचे तीन तास मी त्या भुश्यात बसून होते. मोबाईल बाजूला. (हो, खरंच!) त्याचं काम चालू होतं, आणि मी विचारीन ते तो सांगत होता.

हा भोपळा आपल्या भाजीचा नव्हे. चवीला कडू, जनावरंसुद्धा तोंड लावत नाहीत. येतो पंढरपूर, मंगळवेढा या भागातून, भीमेच्या काठच्या शेतांमधून. पावसाळ्यात बी पेरायचं. भोपळा धरला की शेतकरी त्याला नीट बसता करतो, कारण तो जसा बसेल तसा त्याचा तळ होतो, आणि जसा तळ तसा तानपुरा. वेल पूर्ण वाळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मग तोडून पुन्हा कित्येक महिने वाळवायचा. वाळला, की पाण्यात भिजवून मऊ करायचा, वरचा भाग कापायचा, आतला गर आणि बिया काढायच्या. आकार बिघडू नये म्हणून आत आधार द्यायचा आणि परत वाळवायचा.

"आणि एवढं करून तडकला तर?"

"तर तडकला. आपण काय करणार?" तो शांतपणे म्हणाला. "पाऊस अवेळी पडला तर शेतातच कुजतो. पाऊस नाही झाला तर मोठा होत नाही. ऊस परवडतो म्हणून भोपळा लावणारेही कमी. आम्ही कितीही घाई केली तरी भोपळ्याला घाई नसते."

दांडी आणि तबली तून नावाच्या लाकडाची. हलकं, तांबूस, आवाज न दाबणारं. तेही वर्षानुवर्षं मुरवलेलं. त्यावर कोरलेली पानं, वेली, फुलं आपल्याला सजावट वाटतात. पण भोपळा आणि लाकूड जिथे एकमेकांना भेटतात ना, बरोब्बर त्याच सांध्यावर पानं येतात. झाडाला फळ जिथे लागतं तिथे पान असतंच, तसं! बनवणाऱ्यांच्या मनात हेच होतं की नाही, मला माहीत नाही. पण एकदा हे दिसलं, की तानपुरा म्हणजे आडवं ठेवलेलं एक झाडच वाटायला लागतं.

आणि मग आली जवारी. बॉस, इथे खरी जादू आहे!

तारा ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. गिटारची पट्टी धारदार असते, तार एका रेषेवर टेकते. तानपुऱ्याची घोडी रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी हलका उतार असतो. डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही इतका. तार थरथरली की त्या उतारावर घासत जाते आणि एकाच स्वरातून अनेक बारीक स्वर बाहेर पडतात. त्यातून तो भरलेला, गुंजणारा आवाज येतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो नेमका पकडायचा. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच विषयावर पेपर लिहिला होता. साध्या नियमाप्रमाणे तारेतून जे स्वर निघायलाच नकोत, ते तानपुऱ्यातून आणि वीणेतून निघतात, आणि त्याचं कारण ही घोडी, असं त्यांनी दाखवलं. आणि हा समोर बसलेला मुलगा तेच काम कानशीने, कानाने करत होता. दोनदा घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, मान हलवायची, तार उतरवायची. पुन्हा दोनदा घासायचं.

"हे कुणी शिकवलं?"

"शिकवत नाहीत. बसवतात. आठ वर्षांचा होतो तेव्हापासून शेजारी बसायचो. पहिली दोन-तीन वर्षं फक्त भुसा झाडला."

पूर्वी घोडीला हस्तिदंत किंवा सांबरशिंग वापरत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर चित्र बदलत गेलं. आता हाड, लाकूड, फायबर असे पर्याय आले. प्रत्येकाचा आवाज वेगळा. त्यामुळे हातांना पुन्हा नव्याने शिकावं लागलं. 'परंपरा' म्हणजे काचेच्या कपाटातली वस्तू असं आपल्याला वाटतं. इथे ती रोज थोडी थोडी बदलत असते, फक्त जाहिरात करत नाही.

नवा की जुना?

आता माझ्या तानपुऱ्याचा निकाल. त्याने तबली उघडली. आतमध्ये, भोपळ्याच्या पोटात, आधीच्या दुरुस्तीची एक कापडी पट्टी होती, सरसाने चिकटवलेली. म्हणजे आजोबांच्या हयातीतही तो एकदा तडकला होता आणि ते तो परत मिरजेला घेऊन आले होते. हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मांडीवरच्या प्रवासाची कथा एक नव्हती तर. निदान तीन होत्या!

"दोन रस्ते आहेत," तो म्हणाला. "नवा भोपळा बसवतो. मजबूत होईल, पन्नास वर्षं बघायला नको. पण आवाज नवा असेल. नाहीतर हाच सांधतो. आतून पट्टी, लाकडाच्या चिपा, वरून लाख भरून पॉलिश. आवाज बराचसा जुनाच राहील. पण गॅरंटी नाही. आणि वाजता ठेवला नाही, तर पुन्हा तडकेल."

खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. नवा भोपळा म्हणजे सेफ. कोपऱ्यात उभा करा, पाहुण्यांना दाखवा, 'आजोबांचा आहे' म्हणा. फोटो छान येतील. जुना ठेवायचा, तर त्याच्याशी रोज संबंध ठेवावा लागणार. लावायला शिकावं लागणार. अ‍ॅपचं बरं असतं. ते कधी उतरत नाही, कधी रुसत नाही, आपण सहा महिने नाही लावलं तरी त्याला काही होत नाही. म्हणूनच बहुतेक आपलंही त्याच्याशी काही होत नाही.

"तुम्ही काय कराल?" मी विचारलं.

"मी गाणारा असतो तर जुना. शोकेसला ठेवणार असलो तर नवा." तो हसला. "तुम्ही गाता का?"

हा प्रश्न बारा वर्षांत मला कुणी विचारला नव्हता.

"जुना सांधा," मी म्हणाले.

टॅग मिळाला, पुढे?

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. आता दुसरीकडे बनवलेला माल 'मिरजेचा' म्हणून विकता येत नाही. गल्लीत याचा आनंद आहे, अभिमानही आहे. "पेपरात नाव आलं, परदेशातून विचारणा वाढली," असं त्याने सांगितलं. ऑर्डर तो व्हॉट्सअ‍ॅपवर घेतो, वाद्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवतो, आणि कुरिअरसाठी लाकडी पेट्या स्वतः ठोकतो. गल्लीतला धंदा असा ऑनलाइन झालाय.

पण त्याच्या वर्गातली, आळीतली सगळी मुलं इथे बसत नाहीत. त्याचा सख्खा चुलतभाऊ पुण्यात नोकरीला आहे. महिन्याच्या एक तारखेला पगार होतो. इथे वाद्य पुरं झालं, गेलं, तर पैसे. तीन वर्षं भुसा झाडायला आज कोण बसेल, हा प्रश्न त्यालाही आहे. त्याचा स्वतःचा मुलगा चार वर्षांचा. "बसला तर बसवेन. नाही बसला तर काय करणार? भोपळ्यासारखंच आहे ते. ज्याने त्याने आपापल्या वेळेला धरायचं."

इटलीत क्रेमोना नावाचं एक शहर आहे. स्ट्राडिव्हारीचं गाव. तिथल्या व्हायोलिन बनवण्याच्या कलेला युनेस्कोने २०१२ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. जगभरातून लोक ती वर्कशॉप्स बघायला तिकडे जातात. आपल्यातलेच कितीतरी जण युरोप टूरला जाऊन तसले फोटो टाकतील. मिरज पुण्याहून पाच तासांवर आहे, तिकीट लागत नाही, आणि चहा ते पाजतात. टॅगमुळे नाव टिकतं, ते टिकायलाच हवं. पण काम टिकतं ते तडकलेलं वाद्य घेऊन कुणीतरी परत येतं म्हणून. दुरुस्तीचा आकडा त्याने सांगितला, तेव्हा माझ्या तोंडून घासाघीस करायला नेहमीचं 'काहीतरी कमी करा ना' निघणार होतं. मग मनात हिशेब केला. आमच्या टीमच्या एका शुक्रवारच्या बिलाएवढासुद्धा नव्हता तो. गप्प बसले आणि अ‍ॅडव्हान्स दिला.

शेवटची एकादशी

तीन आठवड्यांनी तानपुरा घेतला आणि पुण्याला न जाता आधी आष्ट्याला गेले. घर जवळजवळ रिकामं झालं होतं. माळा मोकळा, परड्यातली चूल मोडलेली, भिंतीवर फोटो होते तिथे पांढुरके चौकोन. आत्याचं सामान चार पोत्यांत आणि दोन ट्रंकांत. ती मुलाकडे कोल्हापूरला चाललेली.

रात्री सोप्यात सतरंजी टाकली. एकादशी बिकादशी काही नव्हती, साधा शनिवार होता. त्या मुलाने शिकवल्याप्रमाणे मी तारा लावायला बसले. पाऊण तास लागला! पंचम जुळला तर षड्ज निसटतो, षड्ज धरला तर खर्ज कुरकुरतो. मणी खाली-वर सरकवून बोटं दुखली. आत्या दाराशी बसून लसूण सोलत होती, काही बोलत नव्हती.

आणि मग एका क्षणी चारही तारा जुळल्या.

रिकाम्या घरात आवाज किती घुमतो, ते ज्यांनी घर रिकामं केलंय त्यांना माहीत असेल. सामान नाही, पडदे नाहीत, माणसं नाहीत. नुसत्या भिंती. तो आवाज सोप्यातून माजघरात गेला, माजघरातून परड्यात. आत्याचा लसूण सोलणारा हात थांबला. शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, "कोण वाजवतंय गं?" म्हणत. मी काही गायले नाही. गाता येईल इतका गळाच उरला नव्हता. नुसता सा लावला. तोही हलत होता.

"आण्णांचा तंबोरा असाच बोलायचा," आत्या म्हणाली. मग उठून लसणाची सालं टाकायला गेली. बराच वेळ परत आली नाही.

आता तो तानपुरा माझ्या वन बीएचकेमध्ये आहे, टीव्हीच्या शेजारी. रोज दहा मिनिटं. कधी कधी रात्री अकराला, कॉल संपल्यावर. खालच्या मजल्यावरच्या काकांनी एकदा लिफ्टमध्ये विचारलं, तक्रार करायला नाही, नुसतंच. मधूनच त्या मुलाचा मेसेज येतो, 'ताई, उन्हात ठेवत नाही ना?' आणि खरं सांगू? सगळं जग कोसळत असतानाही पंचम जुळेपर्यंत दुसरं काही सुचत नाही. योगा क्लासची फी वाचली!

आष्ट्याचं घर गेलं. खरेदीपत्र झालं, चाव्या दिल्या. आता त्या गावात माझं म्हणावं असं काही नाही. पण तानपुऱ्याची जवारी कायमची नसते. तारा घासून घासून घोडी झिजते, वर्ष-दोन वर्षांत पुन्हा ती काढून घ्यावी लागते. म्हणजे मिरजेला जावंच लागणार. आणि पेठ नाक्यावरून मिरजेला जायचा रस्ता आष्ट्यातूनच जातो.

तुम्हीही निघा!

कसं जाल : पुण्याहून हायवेने साताऱ्यावरून, कराडवरून पेठ नाका. तिथून डावीकडे आष्टा, सांगली, मिरज. गाडी चालवायचा कंटाळा असेल तर रेल्वेने थेट मिरज जंक्शन.

काय बघाल : मिरजेत सतारमेकर गल्ली आणि मिरासाहेबांचा दर्गा. सांगलीत कृष्णाकाठचं गणपती मंदिर आणि आयर्विन पूल. आष्ट्यात भावईच्या दिवसांत गेलात तर मुखवट्यांचे खेळ चुकवू नका.

काय आणाल : सांगलीची भडंग आणि हळद. सतार-तानपुरा लगेच मिळेलच असं नाही. ऑर्डर द्या आणि थांबा. थांबायची तयारी नसेल, तर भडंग घ्या!

हे कराच : घरात माळ्यावर एखादं जुनं वाद्य असेल तर सोबत न्या. फोटो काढण्याआधी विचारा. आणि काम चालू असलेल्या दुकानात शिरलात, तर पाच मिनिटं काही न बोलता नुसतं ऐका.